पट्टी जागेवर

लवादांनी दुपारची वेळ दिली होती, आणि सकाळी चहाच्या टेबलावर एक गोष्ट अजून ठरायची होती. आत्या कोण?

प्रश्न पेढी चालवणाऱ्या दोघा भावांपैकी थोरल्याच्या मुलीचा होता. ती पेढीच्या वतीने उभी राहणार होती. काळा कोट तिने खुर्चीच्या पाठीला अडकवला होता आणि समोरच्या चहावर साय धरली होती. हाच प्रश्न तिने आदल्या दिवशी तिघांना वेगवेगळा गाठून विचारला होता. तिच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्याने, सांगितलं होतं की आत्या म्हणजे आत्या, यात विचारायचं काय. धाकटा काका म्हणाला होता की आत्या म्हणजेच पेढी, बाकी आपण सगळे कारकून. आजी, म्हणजे या दोघांची आई, म्हणाली होती की वन्सं घरच्या आहेत, पेढीच्या नाहीत.

तिघांपैकी आजीचं उत्तर वकिलाच्या कामाचं होतं.

आत्या टेबलावर नव्हती. ती चहा घेऊन केव्हाच खाली कामाच्या खोलीत गेली होती. तिच्याबद्दल बोलायचं आहे हे तिला माहीत होतं, आणि आपल्याबद्दल बोलताना आपण समोर नसावं एवढी रीत ती पाळत असे.

पेढी यंत्रांवर कर्ज देई. यंत्र कर्जदाराकडेच राही आणि चालत राही. पेढी त्यावर बोटभर पितळी पट्टी रिव्हेट करून ठेवी. कर्ज फिटेपर्यंत हे तारण आहे, एवढाच त्या पट्टीचा अर्थ. एका वर्कशॉपवाल्याने आपला लेथ असाच तारण ठेवला होता. पुढे धंदा आवरताना त्याने तो आपल्याच टर्नरला विकला, पट्टीसकट. उरलेले हप्ते टर्नरने त्याच्या हातात द्यायचे आणि त्याने पेढीत भरायचे, असं दोघांत ठरलं. टर्नर देत राहिला, वर्कशॉपवाल्याने भरणं थांबवलं. पेढीने नोटीस पाठवली ती वर्कशॉपवाल्याला, कारण कागदावर तोच होता. त्याने ती खिशात घातली. वसुलीची माणसं गेली तेव्हा शेडला कुलूप होतं. टर्नर बायकोच्या ऑपरेशनसाठी परगावी होता, आणि जागेच्या मालकाने शेड उघडून दिली. टर्नर परत आला तेव्हा लेथच्या जागी फरशीतून चार बोल्ट वर आलेले होते. लेथ लिलावात विकून झाला होता.

टर्नरचं म्हणणं एका वाक्याचं होतं. मला आधी कळवलं असतं, तर उरलेलं कर्ज भरून मी माझा लेथ सोडवला असता.

यावर थोरल्याच्या मुलीकडे उत्तर होतं, आणि त्या उत्तराचा तिला अभिमान होता. तारण विकण्याआधी मालकाला कळवायचं, हे सावकाराचं कर्तव्यच. पण मालक बदलला आहे हेच सावकाराला माहीत नसेल, नव्या माणसाचं नाव माहीत नसेल, त्याला कुठे गाठायचं ते माहीत नसेल, तर त्याच्या नुकसानीचा भार सावकारावर पडत नाही. कायद्याने तिथे रेघ मारली आहे. रेघेच्या अलीकडे सावकार सुरक्षित. हे तिने आधीचे निवाडे काढून, दोन वेगवेगळ्या ज्येष्ठ वकिलांना दाखवून पक्कं केलं होतं.

अडचण एकच होती. आत्याला माहीत होतं.

वर्षातून एकदा पट्ट्या तपासायला जायची तशी ती त्या शेडमध्ये गेली होती. टर्नरने तिला स्वतःहून सांगितलं होतं की लेथ आता माझा आहे. एक रिव्हेट सैल झालं होतं, ते तिने काढून नवं मारलं. त्याने चहा मागवला, तिने तो घेतला. मग घरी येऊन तिने थोरल्याला सांगितलं ते नेहमीचंच.

"पट्टी जागेवर."

याहून एक अक्षर जास्त नाही. हा पेढीचा नियम होता, आणि तो आत्याच्या वडिलांनी घालून दिला होता. पट्टी तपासायला जाणारा माणूस कर्जदाराच्या घरात, कारखान्यात, अडचणीत डोकावून येतो. कोणाचं यंत्र बंद पडलंय, कोणाच्या घरात भांडण आहे, कोण गिऱ्हाईक गमावून बसलाय, सगळं त्याला दिसतं. त्यातलं काहीही पेढीत आणायचं नाही. पट्टी जागेवर आहे की नाही, तेवढं बोलायचं आणि हात धुवायचे. तीन पिढ्यांत या घरातून कोणाची गोष्ट बाहेर गेली नाही. दुसऱ्या पेढ्यांचे लोक याला हसत, आणि कर्जदार याच कारणासाठी त्यांच्याकडे न जाता इथे येत.

"आत्याआजी भागीदार आहे?" मुलीने विचारलं.

"नाही," थोरला म्हणाला.

"पगारी?"

"आत्याला पगार? देऊन बघ. हातोडी कुठे येईल सांगता येत नाही."

"मुखत्यारपत्र? काही अधिकारपत्र? एखादी चिठ्ठी तरी?"

थोरल्याने मान हलवली. कधी गरज पडली नव्हती.

"मग कायद्याच्या नजरेत ती पेढीची कुणीच नाही. आणि तिला कळलं म्हणजे पेढीला कळलं, असं होत नाही."

धाकट्याने कप बशीत जोरात ठेवला. तो म्हणाला की शाब्बास वकीलसाहेब, चाळीस वर्षं फुकट राबली आणि आता फुकटच्या फुकट परकीही झाली. तो उठला. असल्या कागदावर आपण सही करणार नाही, केस हरली तर हरली, असंही त्याने सांगितलं.

थोरल्याने त्याला जाऊ दिलं. दारापर्यंत गेल्यावर मग शांतपणे म्हणाला की हरलो तर टर्नरला लेथची पूर्ण किंमत आणि बुडालेल्या कामाचा मोबदला द्यावा लागेल. आणि हाताशी आहेत ते पैसे नव्या शाखेसाठी बाजूला काढलेले.

नवी शाखा धाकट्याची होती. जागा त्याने पाहिली होती, सुतार ठरवला होता, फलकाचा रंगसुद्धा ठरला होता. तो दारात उभा राहिला. मग परत येऊन बसला आणि म्हणाला की तसं पाहिलं तर नीट विचार करायला हवा, आणि अजून चहा आहे का.

थोरल्याच्या मुलीने वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

*

आई इतका वेळ बोलली नव्हती. दोन्ही मुलगे तिच्यासमोर बसून तिच्या नणंदेबद्दल बोलत होते आणि ती टेबलावरचे कप एकात एक घालत होती.

तिला आठवत होतं ते मुलांना माहीत नव्हतं. नवरा असताना भागीदारीचा करार नव्याने झाला, तेव्हा त्याने बहिणीचं नाव घालू या म्हटलं होतं. आई म्हणाली होती, वन्संना कशाला त्या कटकटीत? नवऱ्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. वन्संनी तर पहिल्यांदाही विचारलं नव्हतं. नंतर इतकी वर्षं दोघी एका स्वयंपाकघरात वावरल्या आणि एकदाही एकमेकींवर आवाज चढला नाही. लोक याचं कौतुक करत, आणि आई ते मान वर करून ऐकून घेई. तिला वाटे की यात आपला वाटा मोठा आहे.

आता नात सांगत होती की ते नाव नव्हतं म्हणूनच पेढी वाचते आहे. म्हणजे आपण तेव्हा केलं ते बरोबरच झालं, असं आईने मनात म्हणून पाहिलं. ते नीट बसेना.

नात आत्यासाठी लिहिलेल्या जबाबाचा कागद उचलून धाकट्याला विचारत होती की शिपायाबरोबर खाली पाठवू का, आत्याआजी वाचून सही करेल.

"तूच जा," आई म्हणाली.

"आजी, मला अजून तयारी करायची आहे."

"तिला परकी ठरवायचं आहे ना? मग ते शिपायाने सांगायचं नाही. घरच्या माणसाने जाऊन सांग."

आणि दुपारी आपणही लवादांकडे येणार, असं तिने त्याच दमात सांगून टाकलं. थोरल्याने वर पाहिलं. नवरा गेल्यापासून आईने पेढीच्या कुठल्याही कामात पाऊल ठेवलं नव्हतं. जागा पुरेल का, असं काहीतरी तो म्हणाला. आई म्हणाली की उभी राहीन.

*

कामाच्या खोलीत आत्या एका कोऱ्या पट्टीवर आकडे ठोकत होती. पोलादी ठसा धरायचा, हातोडीचा एकच घाव घालायचा. दुसरा घाव घातला की आकडा दुहेरी उमटतो आणि पट्टी वाया जाते. तिची पट्टी वाया जात नसे. रिव्हेटही ती असं मारायची की डोक्यावरून नख फिरवलं तर कुठे अडकू नये. लेथवर, प्रेसवर, शिवणयंत्रांवर तिच्या पट्ट्या होत्या, आणि कर्ज फिटल्यावर ती स्वतः जाऊन त्या काढायची, तेव्हा यंत्राला ओरखडा नसायचा. तिने लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर वेळ मिळाला नाही म्हणायची. विचारणाऱ्याला ती थट्टा वाटे. ती थट्टा नव्हती.

नात आली तशी तिने हातोडी खाली ठेवली, हात पुसले आणि चष्मा लावून कागद वाचायला घेतला. सगळा वाचला. सवयीप्रमाणे वाचताना ओठ हलत नव्हते.

"हे काय लिहिलंस? 'कधीकधी पेढीच्या माणसांसोबत जात असे.' कोणासोबत? मी एकटी जायचे."

"ते बदलते."

"आणि हे 'सवयीने व स्वखुशीने'. म्हणजे मला हौस म्हणून?"

नात म्हणाली की तोच शब्द महत्त्वाचा आहे. पेढीने पाठवलं म्हणून गेली नाही, स्वतःच्या मनाने गेली, एवढं लवादांपुढे आलं पाहिजे. तिने ते समजावून सांगितलं, वर चहाच्या टेबलावर सांगितलं होतं त्याहून हळू आवाजात. आत्याने मधे एकदाही अडवलं नाही.

"असं म्हटलं की पेढी सुटते?"

"सुटते."

"नक्की?"

"नक्की, आत्याआजी. मी सगळीकडून तपासलंय."

"मग बदलायचं ते बदल आणि आण. आणि तोंडी विचारलं तर तोंडीही सांगेन."

नातीने वाद घालायची तयारी केली होती. रडू, रुसवा, सगळ्याला उत्तरं होती. होकार तिने धरला नव्हता. ती कागद घेऊन तिथेच उभी राहिली.

"वाईट नाही ना वाटत तुला?"

आत्याने चष्मा काढला. ती म्हणाली की मी त्या कागदावर कधी नव्हतेच, आणि नव्हते म्हणून एक तरी पट्टी वाकडी बसली आहे का, दाखव. पेढीला माझ्यापायी खाली बघावं लागलं तर मात्र वाईट वाटेल. ते होऊ द्यायचं नाही, मग त्यासाठी काय म्हणायचं ते म्हणू.

"पण मग तू तेव्हा सांगितलं का नाहीस?" नातीच्या तोंडून निघून गेलं. "सगळं नाही. मालक बदललाय, इतकंच."

आत्याने ठोकलेली पट्टी उचलून बाजूला ठेवली.

"मला पट्टीचं विचारलं होतं. कोणी कोणाला काय विकलं, ते पट्टीचं नव्हतं." मग ती म्हणाली, "चुकलं गं. नियम बरोबर होता. मी तो गरजेपेक्षा जास्त बरोबर पाळला."

नात वर गेली. जिन्यात तिने तो कागद पुन्हा वाचला. मुद्दा पक्का होता, त्यात कुठे फट नव्हती. तिला त्याचा अभिमान वाटायचा तितकाच अजून वाटत होता, फक्त आता तो कोणाला दाखवावासा वाटत नव्हता.

*

लवादांची खोली लहान होती. मधोमध लांब टेबल, त्यावर झाकण घातलेले पाण्याचे पेले, कोपऱ्यात लेखनिक. लवाद निवृत्त न्यायाधीश होते. ऐकताना ते पेन्सिलीला टोक करत आणि टोक झालं की ती बाजूला ठेवून दुसरी घेत.

थोरला आपल्या मुलीच्या शेजारी बसला. धाकटा त्याच्या पलीकडे, आई मागच्या बाकावर, आणि आत्या एका टोकाला, भिंतीपासून सुटी, ताठ. पलीकडे टर्नर होता. त्याने वकील आणला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हात टेबलावर उघडे ठेवले होते, बोटांच्या रेषांत काळं तेल बसलेलं. धुऊनही न जाणारं.

टर्नरने थोडक्यात सांगितलं. आपण कोणाकडे दया मागायला आलेलो नाही, हे त्याने पहिल्याच वाक्यात म्हटलं. त्या लेथवर आपण केसाच्या जाडीचाही फरक पडू दिला नाही, दोन कारखाने फक्त आपल्या हातचाच माल घेत होते, हेही सांगितलं, आणि त्यात बढाई नव्हती. लवादांनी विचारलं की लेथ तुम्ही घेतलाय हे पेढीला कळवलं होतं का.

"कळवलं होतं."

"कोणाला?"

"यांना," तो म्हणाला आणि आत्याकडे हात केला. बोट दाखवलं नाही, पूर्ण हात केला.

मग थोरल्याची मुलगी उभी राहिली. थोरल्याने तिला पहिल्यांदाच असं बोलताना पाहिलं. ती पाणी प्यायली नाही, तिने कागद चाळले नाहीत. सावकाराला जे माहीत नाही त्याची जबाबदारी त्याच्यावर का टाकता येत नाही, हे तिने असं मांडलं की लवादांची पेन्सिल थांबली. तिने टर्नरवर एकही वाईट शब्द टाकला नाही. त्याचं नुकसान खरं आहे, पण ते ज्याने हप्ते खाल्ले त्याच्याकडून वसूल व्हायला हवं, असं ती म्हणाली. थोरल्याची मान आपोआप ताठ झाली. हे पोर आपलं आहे, असं त्याला त्या पलीकडच्या माणसाला सांगावंसं वाटलं.

लवादांनी आत्याला पुढे बोलावलं. ती उठून टेबलाच्या टोकाशी आली. खुर्ची दिली तर नको म्हणाली.

"आपण या पेढीत भागीदार आहात?"

"नाही."

"कधी होता?"

"नाही."

"नोकरीत?"

"नाही."

"पेढीकडून काही मोबदला, मानधन?"

"नाही."

थोरल्याला ते चार शब्द ऐकू येत होते, आणि प्रत्येक खरा होता. यातल्या कशाचंच उत्तर वेगळं असावं अशी व्यवस्था आपण कधी केली नाही, हेही खरं होतं. त्याने मुलीच्या वहीकडे पाहिलं. प्रत्येक 'नाही'पुढे तिने बारीक खूण केली होती. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

"मग त्या दिवशी आपण यांच्या शेडमध्ये कशासाठी गेला होता?"

"सवयीने," आत्या म्हणाली.

तिचा आवाज बदलला नाही. पट्टी जागेवर, म्हणायची तशीच म्हणाली. टर्नरने तिच्याकडे चमकून पाहिलं आणि मग खाली, स्वतःच्या हातांकडे. तो रागावला असता तर थोरल्याला चाललं असतं. त्याला त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसली ती लाज होती, आणि ती त्याची स्वतःसाठी नव्हती. म्हातारीला हे म्हणायला लावलंत, अशी ती लाज होती.

लेखनिकाचं पेन चालू झालं.

"साहेब, ते लिहून घेऊ नका," थोरला म्हणाला. तो कधी उभा राहिला हे त्यालाच कळलं नाही.

"बाबा, बसा." मुलगी ओठ न हलवता म्हणाली.

"मला दोन मिनिटं बोलू द्या. आमच्या पेढीच्या दारावर पाटी आहे. पट्टी घरच्याच हातची, असं तिच्यावर लिहिलंय. मागे व्यापाऱ्यांच्या सभेत मी हेच सांगून टाळ्या घेतल्या. गावात पैसे देणारे पुष्कळ आहेत, पण पट्टी मारायला घरचं माणूस येतं ते फक्त आमच्याकडून, असं मी म्हणालो. ते घरचं माणूस म्हणजे ही. चाळीस वर्षांत दुसऱ्या कोणी पट्टी मारलेली नाही. हिने मारलेल्या पट्टीच्या जोरावर आम्ही या गृहस्थांचा लेथ उचलून आणला. पट्टी मारताना ही घरची, आणि ऐकून घेताना परकी? हे मला नाही जमणार."

घरच्यांसमोर तो एवढं सलग कधी बोलला नव्हता. मुलीने विश्रांतीसाठी वेळ मागितला. लवादांनी हाताने तिला थांबवलं.

"तुमच्या वकिलांनी मांडलेला मुद्दा कायद्यात बसतो," ते थोरल्याला म्हणाले. "मी तो बहुधा मान्य केला असता. त्या पेढीतर्फे गेल्या होत्या असं तुम्ही म्हणालात, तर त्यांना माहीत होतं ते तुम्हालाही माहीत होतं, असं धरावं लागेल. पुढे काय होईल ते मी सांगायला नको. समजतंय ना?"

"समजतंय."

"भागीदार तुम्ही एकटे नाही."

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा छताकडे पाहत होता. त्याची जागा, त्याचा सुतार, त्याचा फलक तिथे कुठे लिहिलेला असावा तसा पाहत होता. मागच्या बाकावरून आईने त्याला हाक मारली नाही, ती खाकरलीही नाही. पण ती उठून उभी राहिली होती, हे त्याला न वळताही कळलं.

"दादा म्हणतो तेच," धाकटा म्हणाला. "त्या फलकाचा रंग तसाही मला पसंत नव्हता."

थोरल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. त्यांच्या घरात ती पद्धत नव्हती. फक्त बसताना त्याने आपली खुर्ची बोटभर त्याच्याकडे सरकवली.

आत्या अजून टेबलाच्या टोकाशी उभी होती. ती थोरल्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर आनंद नव्हता. मी तुम्हाला शब्द दिला होता, तो तुम्ही का मोडायला लावलात, असं तिला विचारायचं असावं. विचारायची जागा ही नाही, म्हणून तिने विचारलं नाही.

लेखनिकाने मान वर केली. जबाब नव्याने घ्यायचा तर यांचा हुद्दा काय लिहू, असं त्याने विचारलं.

"भागीदार लिहा," थोरला म्हणाला. "आजपासून करू. कागद उद्याच करू."

"लिहा," मागून आई म्हणाली. "ते माझ्यामुळे राहिलं होतं, वन्सं. आता लिहू द्या."

आत्याने आईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या विषयावर दोघींत झालेलं हे पहिलं बोलणं, आणि ते परक्यांच्या खोलीत, लेखनिकासमोर झालं. आत्याने एकदाच मान हलवली. त्यात ऐकलं एवढंच होतं. पुढचं काय असेल ते घरी, दोघींत.

मग ती लेखनिकाकडे वळली.

"भागीदार लिहू नका. उद्या काय करायचं ते हे करतील, पण त्या दिवशी मी भागीदार नव्हते. नव्हते ते कशाला लिहायचं? आणि ते सवयीनेही खोडा. तेही खरं नाही, मी उगाच म्हणाले." तिने टर्नरकडे पाहिलं. "यांनी मला सांगितलं तेव्हा मला सगळं नीट कळलं होतं. मी घरी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. हे लिहा. आणि मी गेले होते ती घरातर्फे गेले होते, एवढं लिहा. तेवढं पुरे."

"कोणाच्या घरातर्फे?" लवादांनी विचारलं. नोंद पूर्ण असावी म्हणून विचारलं, त्यात दुसरं काही नव्हतं.

"माझ्या," आत्या म्हणाली.

लेखनिकाने लिहून घेतलं. लवादांनी नवी पेन्सिल उचलली आणि पेढीच्या वकिलांकडे पाहिलं. हरकत घ्यायची तर ती आताच घ्यायची होती. या एका नोंदीने आपला सगळा मुद्दा गेला, हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. ती उठली, कोट सारखा केला.

"हरकत नाही," ती म्हणाली. "त्या सांगतात ते बरोबर आहे."